गाडीची चेन, क्लच, गिअर : घरीच दुरुस्ती करावी की मेकॅनिककडे न्यावी?

रविवारची सकाळ. पोहे खाऊन झालेत, मोबाइल हातात आहे आणि बाइकच्या मागच्या बाजूने गेले चार दिवस ‘खट-खट’ असा आवाज येतोय. तुम्ही यूट्यूबवर शोधता. आठ मिनिटांच्या व्हिडिओत एक हसतमुख तरुण चेन साफ करतो, ताणतो, तेल लावतो आणि हात पुसून मोकळा होतो. तुमच्या मनात येतं, एवढंच तर आहे! मेकॅनिकला तीनशे रुपये कशाला द्यायचे?

जरा थांबा. आधी हा लेख वाचा, मग पाना उचला. वाचून झाल्यावरही तुम्ही पाना उचलालच कदाचित, आणि ते चांगलंच आहे. फक्त कुठला नट आपला आणि कुठला मेकॅनिकचा, हे आधी ठरलेलं बरं.

मी हे का सांगतेय? माझ्या बाबांच्या उजव्या हाताच्या तर्जनीला टोक नाही. मी तिसरीत होते तेव्हाची गोष्ट. इंदूरच्या आमच्या घरासमोर बाबांनी बाइक मेन स्टँडवर लावली, इंजिन चालू केलं आणि पहिला गिअर टाकला. चाक आपोआप फिरत राहील, आपण फडकं धरून बसायचं, चेन साफ होईल, असा त्यांचा सोपा हिशेब. फडकं चेन आणि स्प्रॉकेटच्या मध्ये ओढलं गेलं आणि फडक्याबरोबर बोटही. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. विशेष म्हणजे हे काम ते त्याआधी कित्येक वर्षं अगदी तसंच करत आले होते आणि काहीच झालं नव्हतं.

म्हणून पहिली गोष्ट आत्ताच सांगून टाकते. बाकी लेख नाही वाचला तरी चालेल. चेनला हात लावताना इंजिन बंद, गाडी न्यूट्रलमध्ये, किल्ली काढून खिशात. चाक हाताने फिरवायचं. व्हिडिओत कुणी इंजिन चालू ठेवून चेन साफ करत असेल तर तो व्हिडिओ बंद करा.

ड्राइव्हट्रेन म्हणजे नेमकं काय?

सायकल आठवा. पायाचा जोर चाकापर्यंत कोण नेतं? पेडल, दातेरी चक्र आणि चेन. गाडीत पायांच्या जागी इंजिन असतं, एवढाच फरक. इंजिनात तयार झालेली ताकद चाकापर्यंत नेणारी जी सगळी साखळी असते, म्हणजे क्लच, गिअरबॉक्स, चेन किंवा बेल्ट, कारमध्ये डिफरन्शिअल आणि चाकाला फिरवणारे ॲक्सल, तिला मिळून ड्राइव्हट्रेन म्हणतात. इंजिन उत्तम आहे, पण गाडी ओढत नाही, झटके देते, आवाज करते, असं झालं की बऱ्याचदा दोष इथे असतो.

आपल्या आधीच्या पिढीला यातलं बरंच हाताने करता यायचं. 1972 मध्ये बजाज चेतक आली, तिला चेनच नव्हती. इंजिन मागच्या चाकाला चिकटूनच बसवलेलं, गिअर डाव्या मुठीत. तुटायची ती क्लचची केबल. त्यामुळे डिकीत एक जादा केबल, एक स्पार्क प्लग आणि पकड ठेवणारे काका प्रत्येक कॉलनीत असायचे. भर रस्त्यात केबल बदलून पुढे जायचे. मग 1984 मध्ये कायनेटिकने होंडासोबत हात मिळवला आणि गिअर न बदलता चालणारी स्कूटर घराघरांत आली. आज आपण जिला सरसकट ‘स्कूटी’ म्हणतो तिचं आतलं तंत्र तेच आहे. चालवायला सोपी झाली, पण सगळं काम झाकणाआड गेलं. काकांची पकड तिथे चालत नाही.

चेन हे काम तुमचंच

बाइक असेल तर चेनची देखभाल हे घरी शिकण्यासारखं सगळ्यात उत्तम काम. इथे मी मेकॅनिकची बाजू अजिबात घेणार नाही. कारण चेनला दर काही दिवसांनी लक्ष लागतं आणि सर्व्हिसिंगला गाडी जाते तीन-चार महिन्यांनी. तेवढ्या काळात धूळ आणि पाऊस मिळून चेनची वाट लावतात. उघडी चेन असेल तर साधारण दर 500 किलोमीटरला साफ करून तेल द्यावं. पावसात लांबची राइड झाली तर लगेच. रोजच्या वापराच्या बऱ्याच बाइकना चेनवर पूर्ण कव्हर असतं. त्यांची चेन कमी मळते खरी, पण डोळ्यांआड असल्याने ती विसरलीही जाते. त्या कव्हरला खाली एक रबरी बूच असतं. ते काढून चेन किती सैल आहे ते पाहता येतं.

साफ करायला चेन क्लीनर किंवा थोडं रॉकेल आणि मऊ ब्रश पुरेसा. पेट्रोल वापरू नका. आगीचा धोका तर आहेच, शिवाय ओ-रिंगच्या चेनमधल्या बारीक रबरी कड्या पेट्रोलने खराब होतात आणि त्या कड्याच आतलं ग्रीस धरून ठेवत असतात. मग कोरड्या फडक्याने पुसा आणि चेन लूब किंवा 90 नंबरचं गिअर ऑइल द्या. खालच्या बाजूच्या चेनला, आतून. म्हणजे चाक फिरल्यावर ते बाहेरच्या दिशेने पसरत जातं. हे राइडवरून आल्यावर करावं, चेन कोमट असते, तेल आत मुरतं. जास्तीचं तेल पुसायला विसरू नका. टायरवर किंवा ब्रेकच्या डिस्कवर ते उडालं तर चेनपेक्षा मोठी भानगड होईल.

आता ताण. चेनच्या खालच्या भागात मधोमध बोटाने वर-खाली हलवून पाहा. बऱ्याच रोजच्या बाइकना हा खेळ 20 ते 30 मिलिमीटरच्या दरम्यान सांगितलेला असतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये आहे, काही गाड्यांना तर मागच्या चाकाजवळच स्टिकर लावलेलं असतं. चाक हळूहळू फिरवत तीन-चार जागी मोजा, कारण जुनी चेन सगळीकडे सारखी सैल नसते. जिथे सगळ्यात घट्ट असेल तिथलं माप धरायचं.

मी काय चुकवलं

इथेच मी आपटले. बीए इंग्लिशच्या दुसऱ्या वर्षाला असताना बाबांची ती बाइक माझ्याकडे आली. चेन लोंबत होती. व्हिडिओ पाहिला, मागच्या ॲक्सलचा नट सैल केला, दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर फिरवले आणि चेन छान टाणटाण करून टाकली. गिटारच्या तारेसारखी. मला फार अभिमान वाटला.

दहा-बारा दिवसांत गाडीतून गुणगुणल्यासारखा आवाज यायला लागला. कोपऱ्यावरच्या मेकॅनिककाकांनी चेनला एक बोट लावलं आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांनी समजावलं ते असं : आपण गाडीवर बसलो, खड्ड्यातून गेलो की मागचं चाक वर-खाली होतं आणि चेनवरचा ताण बदलतो. त्यासाठीच तो दोन-तीन सेंटिमीटरचा खेळ ठेवलेला असतो. तो काढून घेतला की प्रत्येक खड्ड्याचा ओढा गिअरबॉक्समधल्या शाफ्टच्या आणि चाकाच्या बेअरिंगवर जातो. सैल चेन वाईट, हे आपल्याला दिसतं. अति घट्ट चेन त्याहून महाग पडते, हे बिल आल्यावर कळतं. मला चाकाचं बेअरिंग बदलावं लागलं.

दुसरी चूक त्यांनी दाखवली ती जास्त भीतिदायक होती. मी ॲक्सलचा नट हाताच्या अंदाजाने आवळला होता. तो पूर्ण बसलाच नव्हता. चाक ज्या दांड्यावर फिरतं त्याचाच नट! शिवाय दोन्ही बाजूंचे ॲडजस्टर सारख्या खुणेवर नव्हते, म्हणजे चाक किंचित तिरकं. आणि मागचा ड्रम ब्रेक? चाक मागे सरकलं की ब्रेकच्या दांड्याचं अंतरही बदलतं, ब्रेक पुन्हा ॲडजस्ट करावा लागतो. हे त्या आठ मिनिटांच्या व्हिडिओत होतं की नाही, आठवत नाही. असलंच तर मी ते पुढे ढकललं असणार.

तर, ताण देणं तुम्ही शिकू शकता. पण पहिल्या दोन वेळा कुणा जाणकाराला शेजारी उभं करा. दोन्हीकडच्या खुणा सारख्या, नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या ताकदीने टॉर्क पान्याने आवळलेला, कॉटर पिन असेल तर ती परत घातलेली, मग ब्रेक तपासलेला. टॉर्क पाना घरात नसेल तर आवळण्यापुरतं गॅरेजमध्ये जा. पाच मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही.

चेन बदलणं मात्र मी मेकॅनिककडेच करून घेते. मागच्या स्प्रॉकेटच्या अगदी मागच्या टोकाला चेन चिमटीत धरून मागे ओढून पाहा. दाता अर्ध्याहून जास्त उघडा दिसला किंवा दाते एका बाजूला झुकून टोकदार झाले असतील, तर तिचे दिवस भरले. लोक म्हणतात चेन ‘ताणली’, पण लोखंड ताणलं जात नसतं. आतल्या पिना आणि बुश झिजतात आणि प्रत्येक कडीतला तो इवलासा झोल मिळून चेन लांब होते. म्हणूनच नवी चेन जुन्या स्प्रॉकेटवर चढवू नये, झिजलेले दाते नव्या चेनलाही लवकर खातात. पूर्ण सेटच बदलायचा. आणि चेन जोडणाऱ्या कडीला क्लिप असेल तर तिची बंद बाजू चेन ज्या दिशेने पुढे जाते त्या दिशेला हवी. उलटी बसली तर काही लागून ती निसटू शकते. चालत्या गाडीची चेन निसटून चाकात अडकली तर चाक जाम होतं. गाडी गॅरेजमधून घेताना ही क्लिप तुम्ही स्वतः वाकून पाहा. मेकॅनिक रागावत नाहीत, उलट पुढच्या वेळी जरा जपून काम करतात.

स्कूटर : झाकणाआडचा बेल्ट

आईकडे स्कूटर आहे. तुमच्याही घरात असेलच. तिच्या डाव्या बाजूच्या लांबट झाकणाआड दोन पुली आणि एक रबरी बेल्ट असतो. वेग वाढला की पुढच्या पुलीतले छोटे रोलर बाहेर सरकतात, पुली आवळली जाते आणि बेल्ट वर चढतो. गिअर बदलण्याचं काम असं आपोआप होतं. मागच्या बाजूला क्लच असतो, तोही वेगानेच पकडतो.

या झाकणाला किती तरी बोल्ट असतात आणि ते उघडणं अवघड नाही. खरी अडचण उघडल्यावर सुरू होते. पुलीचा नट सोडताना पुली धरून ठेवायला वेगळं हत्यार लागतं. ते नसलं की लोक स्क्रू ड्रायव्हर अडकवतात, पुलीचे पंखे तुटतात. परत बसवताना बेल्ट नीट आत दबलेला नसेल तर नट आवळला गेलाय असं वाटतं, पण तो बेल्टवरच आवळला गेलेला असतो. पुढे चालताना तो सैल पडतो. आतली काळी भुकटी तोंडाने फुंकणं हाही एक आवडता उद्योग. बेल्ट आणि क्लचच्या झिजेची ती धूळ आहे, छातीत जाऊ देऊ नका.

म्हणून स्कूटरचा बेल्ट, रोलर आणि क्लच सरळ मेकॅनिककडे. बेल्ट साधारण 20 ते 25 हजार किलोमीटरच्या आसपास बदलतात. तुमच्या गाडीचा आकडा मॅन्युअलमध्ये पाहून फोनमध्ये रिमाइंडर लावा. तो तुटला की इंजिन चालू राहतं, पण गाडी जागेवर थांबते. रात्री फ्लायओव्हरवर हे व्हावं असं कुणालाच वाटणार नाही.

मग तुमचं काम काय? ऐकणं. सुटताना गाडी थरथरत असेल तर क्लचवर धूळ बसली असेल किंवा त्याचं अस्तर कडक झालं असेल. आवाज वाढतो पण पळत नाही, चढावर दम लागतो, तर बेल्ट किंवा रोलर झिजलेत. मागच्या चाकाजवळून बारीक शिट्टीसारखा आवाज असेल तर गिअर ऑइल पाहायला सांगा. हो, स्कूटरमध्ये इंजिन ऑइलशिवाय एक वेगळं गिअर ऑइलही असतं, जेमतेम 100-120 मिलिलिटर. सर्व्हिसिंगमध्ये सगळ्यात जास्त वेळा विसरलं जाणारं तेल हेच असावं, असा माझा संशय आहे. मुंबईत, चेन्नईत किंवा आमच्या इंदूरच्या सखल भागात पावसाच्या पाण्यातून स्कूटर काढली असेल तर हे ऑइल मुद्दाम तपासून घ्या. दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय. बदलायला फार खर्च येत नाही. न बदललं तर मात्र आतले गिअर आणि बेअरिंग जातात.

क्लच : निम्मी दुरुस्ती सवयीतच

बाइकच्या क्लचचा दांडा ओढताना सुरुवातीला थोडी मोकळी चाल हवी, टोकाशी साधारण एक-दोन सेंटिमीटर. ती केबलच्या ॲडजस्टरने हाताने ठेवता येते. हे घरचं काम. चाल अजिबात नसेल तर क्लच कायम किंचित दाबलेला राहतो आणि प्लेट घासत राहतात.

तेलाबाबत एक चूक मात्र हमखास होते. बहुतेक बाइकमध्ये क्लचच्या प्लेट इंजिन ऑइलमध्येच बुडालेल्या असतात. घरात कारच्या ऑइलचा डबा उरलाय म्हणून तोच बाइकमध्ये ओतला तर त्यातल्या घर्षण कमी करणाऱ्या रसायनांमुळे क्लच घसरू शकतो. बाइकच्या डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए 2’ असा शिक्का पाहा. स्कूटरचा क्लच कोरडा असतो, तिच्यासाठी ‘एमबी’ असतं.

कारचा क्लच जातोय हे ओळखायची सोपी खूण आहे. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये, कमी वेगात ॲक्सिलरेटर दाबा. इंजिनचा आवाज आणि आरपीएमचा काटा झपकन वर जातो पण गाडीचा वेग त्या मानाने वाढत नाही, तर प्लेट घसरतेय. ट्रॅफिकमध्ये क्लचवर पाय ठेवून बसणं आणि चढावर हँडब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी धरणं, या दोन सवयी सोडल्या तर ही वेळ बरीच उशिरा येते. क्लच दाबून चालवायच्या हुशारीला कुणी पैसे देत नाही, घेतात मात्र भरपूर.

कार : गाडीखाली जाऊ नका

आता जिथे मी ठाम आहे तिथे येते. छोट्या हॅचबॅकचाही क्लच बदलायचा तर गिअरबॉक्स खाली उतरवावा लागतो. म्हणजे गाडी उंच उचलायची, ॲक्सल काढायचे, इंजिनला वेगळा आधार द्यायचा आणि दोन माणसांना जड वाटेल असं धूड हळूच खाली आणायचं. परत चढवताना क्लच प्लेट अगदी मधोमध बसलेली असावी लागते, नाही तर शाफ्ट आत जातच नाही. जबरदस्ती केली की नुकसान. यात अनुभवाला पर्याय नाही.

गाडीबरोबर मिळालेला जॅक स्टेपनी बदलण्यापुरताच असतो. त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरणं म्हणजे एक टन लोखंड एका स्क्रूवर टांगून त्याखाली झोपणं. विटा किंवा दगड लावून काम भागवणारेही पाहिलेत. वीट तडकायला आधी सूचना देत नाही. रॅम्प किंवा लिफ्ट असलेलं गॅरेज निवडण्यामागे पैशाहून मोठं कारण हे आहे.

गाडीखाली न जाताही मालकाला बरंच पाहता येतं. सकाळी गाडी काढल्यावर फरशीवर तेलाचा डाग आहे का? स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरताना पुढच्या चाकातून ‘कट-कट-कट’ येतंय का? तसं असेल तर ॲक्सलच्या टोकाचा सीव्ही जॉइंट बोलतोय. त्यावर एक रबरी बूट असतो. तो फाटला की ग्रीस बाहेर उडतं, धूळ आत जाते. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसले तेव्हाच गाडी नेली तर बऱ्याचदा नुसता बूट आणि ग्रीस बदलून भागतं. आवाज यायला लागल्यावर मात्र बहुधा जॉइंट किंवा अख्खा ॲक्सल. पंक्चरवाला चाक काढेल तेव्हा मान वाकवून हा बूट पाहून घ्या.

ऑटोमॅटिक गाडीबाबत तर हौस पूर्ण बाजूला ठेवा. 2014 मध्ये मारुतीच्या सेलेरिओपासून आपल्याकडे एएमटी गाड्या स्वस्तात मिळू लागल्या. त्यांचा क्लच माणसाऐवजी कॉम्प्युटर दाबतो. नवा क्लच बसवल्यावर त्या कॉम्प्युटरला तो कुठे पकडतो हे स्कॅनर लावून नव्याने शिकवावं लागतं. इतर ऑटोमॅटिक गाड्यांत तर तेलाचा प्रकार चुकला तरी गिअरबॉक्सचं नुकसान होतं. रस्त्याकडेच्या चांगल्या मेकॅनिकनेही स्कॅनर नसताना हे काम घेऊ नये, तुम्ही-आम्ही तर लांबच.

पैसे खरंच वाचतात का?

माझा अनुभव सांगते. गेल्या वर्षी बाइकचा चेन सेट 1,150 रुपयांना पडला, बसवायची मजुरी 250. ते 250 वाचवायला मला चेन तोडायचं हत्यार, योग्य मापाचे रिंग पाने आणि टॉर्क पाना घ्यावा लागला असता. एका वेळच्या कामासाठी हा आतबट्ट्याचा व्यवहार. उलट ब्रश, क्लीनर आणि लूब यांच्यावर सहा-सातशे रुपये घातले, ते कित्येक महिने पुरतात आणि चेन आधीपेक्षा जास्त टिकते. मजुरी वाचवून जे मिळतं त्यापेक्षा भाग टिकवून जास्त मिळतं, असं माझं गणित आहे. तुमच्या घरात मुलाला-मुलीला हत्यारांची आवड असेल तर हिशेब वेगळा. मग पाने घ्याच, ते पुढच्या वीस वर्षांच्या कामाला येतील.

गाडी वॉरंटीत असेल तर मात्र काही उघडू नका. नंतर बिघाड झाला की बोट तुमच्याकडेच दाखवलं जाईल. आणि सुट्या भागात स्वस्ताच्या मागे जाऊ नका. नकली चेन किंवा बेल्ट दिसायला अगदी सारखा असतो. कंपनीच्या काउंटरवरून किंवा ओळखीच्या दुकानातून, पावती घेऊन घ्या.

मेकॅनिककडे जाताना

बाहेरचा मेकॅनिक की कंपनीचं सर्व्हिस सेंटर, हा वाद घरोघरी आहे. थोडी पार्श्वभूमी माहीत असावी म्हणून सांगते. ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 कार कंपन्यांना मिळून 2,544 कोटी रुपयांहून जास्त दंड ठोठावला होता. ठपका असा, की अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीसाठी लागणारी माहिती, उपकरणं बाहेरच्या गॅरेजना सहज मिळू दिली जात नाहीत, त्यामुळे ग्राहकाला पर्यायच राहत नाही. प्रकरण पुढे अपिलात गेलं. पण प्रश्न संपला नाही. डिसेंबर 2022 मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे. आपली वस्तू कुठे दुरुस्त करायची हे ठरवण्याचा हक्क आपला आहे, हा त्यामागचा विचार. बिलावरून फसवणूक झाली असं वाटलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर सेव्ह करून ठेवा.

पण बहुतेक वेळा हेल्पलाइनपर्यंत जावंच लागत नाही, दोन-तीन प्रश्न पुरतात. मागे एका मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये मला ‘चेन सेट गेलाय, बदलावा लागेल’ असं काउंटरवरूनच सांगितलं. मी म्हटलं, “दादा, मला दाते दाखवाल का?” ते गाडीपर्यंत आले, चेन मागे ओढून पाहिली आणि “अजून चार-पाच हजार किलोमीटर चालेल, फक्त ॲडजस्ट करून देतो” म्हणाले. ते खोटं बोलत होते असं मी म्हणणार नाही. किलोमीटर पाहून छापील यादी वाचत होते, एवढंच. मला दाते पाहायचं ठाऊक नसतं तर त्या दिवशी पैसे गेले असते.

तेव्हा गाडी देताना कुठला आवाज कधी येतो ते नीट सांगा : सुटताना, वळताना, की चढावर. शक्य असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करून न्या. जॉब कार्डवर काम लिहून घ्या. काही बदललं तर जुना भाग परत मागा. आणि गाडी घेताना एक चक्कर मारून मगच पैसे द्या. यात अविश्वास दाखवण्यासारखं काही नाही. शिंपीसुद्धा ब्लाउज घालून पाहू देतोच की.

इलेक्ट्रिक स्कूटर घेतली असेल तर काही गाड्यांत मोटर चाकातच असते, चेन-बेल्ट काही नाही. काहींत मात्र बेल्ट असतो आणि त्याच्यावर नजर ठेवावी लागते. मोटर, कंट्रोलर आणि बॅटरी घरी उघडायची नाही. इलेक्ट्रिक कारमधल्या नारिंगी वायरींत तर शेकडो व्होल्ट असतात, त्यांना हात लावणं हे शिकलेल्या माणसाचंच काम.

गेल्या महिन्यात आईच्या स्कूटरचा बेल्ट बदलून घेतला. जुना मागून घेतला तेव्हा त्याच्या आतल्या बाजूला भेगाच भेगा होत्या. आईला दाखवला तर ती म्हणाली, “अगं, यावर मी रोज फिरत होते?” तो आता बाबांच्या हत्यारांच्या पेटीत पडून आहे. चेनचा ब्रश आणि लूबचा डबाही तिथेच असतो. रविवारी मी ती पेटी उघडली की बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता विचारतात, “किल्ली कुठे आहे?” आणि मी खिसा वाजवून दाखवते.